विलींचे बारा घागरे: १८३०-४० च्या पॅरिसमधला बॅलेचा पांढरा ड्रेस नक्की कसा होता?

टाचणी (शनिवार, रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात शिवणकाम करते, मुख्यतः डान्स क्लासचे ड्रेस. भरतनाट्यमच्या चुण्यांच्या साड्या, लावणीच्या शिवलेल्या नऊवाऱ्या, शाळांच्या गॅदरिंगचं सगळं. यावेळी पहिल्यांदाच बॅलेचं काम आलंय. एका क्लासच्या मुली जिझेल या जुन्या बॅलेच्या दुसऱ्या अंकातला तुकडा करणार आहेत. त्यात विली असतात, म्हणजे लग्नाच्या आधीच गेलेल्या मुलींची भुतं, रात्री जंगलात निघतात आणि पुरुष सापडला की त्याला मरेपर्यंत नाचवतात. १२ मुली आहेत, १२ पांढरे घागरे. मॅडमच्या डोक्यात प्रवेश असा आहे की दिवे मंद, आणि मुली हातात पणत्या घेऊन रांगेने येतात. फार सुंदर दिसेल असं वाटतंय.

मॅडमनी फोटो दिलाय तो आत्ताच्या एका परदेशी प्रयोगाचा. पण मूळ वस्तू कशी होती हे कळल्याशिवाय माझी कात्री चालत नाही, हे नऊवारीच्या वेळेपासून असंच आहे. म्हणून दोन आठवडे मिळेल ते वाचतेय, जुनी चित्रं मोठी करून करून बघतेय. कळलं ते लिहिते, चुकलं तर सांगा.

हा ड्रेस जन्माला आला तो दिवस बहुतेक सगळे १२ मार्च १८३२ धरतात. पॅरिस ऑपेरात ला सिल्फीद, नाचणारी मारी ताग्लिओनी, नाच बसवला तिच्या वडिलांनी, फिलिप्पो ताग्लिओनींनी. गोष्ट स्कॉटलंडमधली, जेम्सचं लग्न ठरलंय आणि त्याला एक सिल्फ, म्हणजे वाऱ्याची परी, दिसायला लागते. बाकी सगळं गाव चौकड्यांच्या जाड कपड्यांत आणि ही एकटी पांढऱ्यात. ड्रेस तसा साधाच हो. गळा-खांदे उघडे, अंगाबरोबर बसणारी आणि पुढे टोक काढलेली बॉडिस (कमरेपर्यंतचा वरचा भाग), खाली घंटेसारखा घेर जो गुडघा आणि घोट्याच्या मधे कुठेतरी संपतो, पाठीला दोन छोटे पंख, डोक्यात फुलांचं कडं, गुलाबीसर मोजे, सॅटिनचे बूट. रेखाटन युजीन लामी या चित्रकाराच्या नावावर आहे.

आता त्याआधी काय होतं ते बघितलं तर हा साधेपणा किती मोठा ते कळतं. दरबारी बॅलेत बायकांच्या कमरेला दोन्ही बाजूंनी सांगाडे असायचे, त्यावर जड रेशीम, जर, टाचांचे बूट. मारी कामार्गोने पायांचं काम दिसावं म्हणून स्कर्ट वर घेतला, मारी सालेने १७३४ मध्ये लंडनला सांगाडा काढून टाकून केस मोकळे सोडून साध्या मलमलीत नाच केला. फ्रेंच क्रांतीनंतर टाचा गेल्या, ग्रीक पुतळ्यांसारखे झगे आले. म्हणजे शंभर वर्षं कोणी ना कोणी वजन उतरवतच होतं, ताग्लिओनीपाशी ते जवळजवळ शून्यावर आलं.

मला अडलंय ते असं. कापड नक्की कुठलं? फुगायचं कशाने, कारण नुसती मलमल चार चुण्या घातल्या तरी खाली पडते, उभी राहत नाही. आणि जिझेलमधल्या सगळ्या विली तेव्हाही एकसारख्याच दिसायच्या का? मी एका घागऱ्याला ५ थर धरलेत, थराला ४ मीटर, म्हणजे १२ घागऱ्यांचे २४० मीटर नेट. रविवार पेठेत चौकशी केली तर नायलॉन लगेच देतो म्हणाले, सुती नेटला वेळ लागेल.

अबोली (शनिवार, रात्री ११:५२)

किती छान विषय! माझ्या भाचीच्या क्लासमध्ये याला रोमँटिक ट्यूटू म्हणतात, आखूड ताटलीसारखा असतो तो क्लासिकल ट्यूटू. एवढंच माहितीये मला, वाचत राहीन.

ताणाबाणा (रविवार, सकाळी ७:२५)

टाचणीताई, कापडाचं माझ्याकडून. मी इचलकरंजीचा, अख्खी नोकरी प्रोसेसिंगमध्ये गेली.

वरचा थर मलमल. मलमल म्हटलं की आपल्याला ढाका आठवतं, आणि युरोपला मलमलीचं वेड लागलं ते बंगालच्या मालानेच. पण १८३२ पर्यंत खेळ उलटलेला होता. स्कॉटलंडमध्ये पेस्ली, स्वित्झर्लंडमध्ये सेंट गॅलन, फ्रान्समध्ये ल्योंजवळचं तारार, अशा गावांत तीच मलमल विणली जात होती, आणि ढाक्याचे विणकर देशोधडीला लागत होते. हे सांगितल्याशिवाय मला त्या पांढऱ्या ड्रेसकडे बघता येत नाही.

तुमचा खरा प्रश्न फुगण्याचा. त्याचं उत्तर एका शब्दात खळ. आतले थर तार्लातान नावाच्या कापडाचे. म्हणजे मलमलीसारखंच सुती पण वीण फार विरळ, बोट जाईल इतकी नसली तरी जाळीच म्हणा, आणि त्यावर खळ इतकी चढवलेली की कागदासारखं ताठ. जे.जे.मध्ये एचिंग शिकलेल्या कोणाला विचारा, प्लेटवरची शाई पुसायला हेच कापड वापरतात. गंमत अशी की त्याचा ताठपणा सगळा खळीचा, सुताचा नाही. घाम लागला, दमट हवा लागली की मान टाकतं. धुतलं की संपलं.

आणि नेट. हे यंत्राचं अपत्य आहे. त्याआधी जाळी म्हणजे बाईने बोटांनी, फिरक्या फिरवून, तासन् तास बसून केलेली लेस. जॉन हीथकोट नावाच्या इंग्रज कारागिराने १८०८-०९ मध्ये षटकोनी भोकांची जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८१६ साली लफबरोमधला त्याचा कारखाना यंत्रं फोडणाऱ्या लोकांनी फोडला, तेव्हा त्याने बाडबिस्तरा उचलून टिव्हर्टनला नवा काढला. या यंत्राशिवाय वारभर जाळी एका रात्रीच्या नाचासाठी खर्च करणं राजालाच परवडलं असतं.

अजून एक. सुताला लव असते, ती राहिली तर जाळी मळकट दिसते. १८१७ मध्ये नॉटिंगहॅमच्या सॅम्युअल हॉलने कापड गॅसच्या ज्योतीवरून झपकन ओढून न्यायची पद्धत काढली, लव जळते, कापड वाचतं. आमच्याकडे अजून तेच करतात, सिंजिंग म्हणतात. वेग जरा चुकला की ताका पेटतो, मी दोनदा डोळ्यांनी बघितलंय.

पायघोळ (रविवार, सकाळी १०:०३)

ताणाबाणा काका, सलाम. सिंजिंगचं माहितीच नव्हतं.

अवांतर: आपल्याकडे टेलर घागऱ्याला "कॅनकॅन लावू का" विचारतात ते ताठ नेटचं अस्तर, ते नाव पॅरिसच्याच नाचावरून आलंय ना? तो कॅनकॅन पण त्याच काळातला, १८३० च्या आसपासच्या नाचघरांतला.

दूरदेशी (रविवार, दुपारी ४:४०)

हो पायघोळ, तोच. ऑपेरात ताग्लिओनी आणि त्याच शहरात नाचघरांत कॅनकॅन.

मी गेली काही वर्षं पॅरिसमध्ये आहे, पूर्वी नाटकाच्या लाइट्सचं काम करायचो त्यामुळे मी प्रकाशाच्या बाजूने सांगतो. आधी अबोलीताईंसाठी, ट्यूटू हा शब्द तेव्हा नव्हताच. तो १९ व्या शतकाच्या शेवटाकडे, १८८० च्या आसपास लिखाणात दिसायला लागतो. ताग्लिओनीला कोणी ट्यूटू म्हटलं असतं तर तिला कळलं नसतं. आखूड स्कर्ट तर अजून नंतरचा, इटालियन बायकांनी रशियात नेलेला.

आता टाचणीताई, कापडाइतकाच तो ड्रेस गॅसचा बनलेला आहे हे लक्षात घ्या. तेव्हाचं ऑपेरा म्हणजे आत्ताचं पाले गार्निए नव्हे, तो १८७५ चा. हे ल पेलतिए रस्त्यावरचं थिएटर, १८७३ मध्ये जळालं. तिथे १८२२ साली अलादिनवरच्या एका ऑपेरासाठी गॅसचे दिवे पहिल्यांदा आले. तेलाचे दिवे आणि मेणबत्त्या हजार लावा, त्या एकदम मंद करता येत नाहीत. गॅसला तोटी असते. तोटी फिरवली की चांदणं होतं.

मग १८३१ च्या नोव्हेंबरात रोबेर ल दियाब्ल नावाचा मायरबेअरचा ऑपेरा आला, त्यात एक प्रवेश पडक्या मठातला, मेलेल्या जोगिणी थडग्यांतून उठतात आणि नाचतात. त्यांची मुख्य जोगीण ताग्लिओनी. चंद्रप्रकाश, पांढरे झगे, धूसर कमानी, पब्लिक वेडं झालं. त्यात रोबेरची भूमिका गाणारा आदोल्फ नुरी, त्यानेच पुढे चार महिन्यांत आलेल्या ला सिल्फीदची गोष्ट लिहिली. म्हणजे सिल्फीदचा पांढरा ड्रेस त्या जोगिणींच्या मागून आलाय. आणि मलमल का, रेशीम का नाही, तर रेशीम प्रकाश परत फेकतं, चमकतं, कडा दिसते. मलमल आणि जाळी प्रकाश पितात. पाच थरांतून गॅसचा पिवळट उजेड झिरपला की स्कर्टची कड कुठे संपते ते कळत नाही, आणि पाय तर दिसतोय, म्हणजे बाई हवेत. सेट होता सिसेरीचा, तारांवरून खरोखर पऱ्या उडवल्या होत्या, पण माझ्या मते तारांपेक्षा ती न दिसणारी कडच जास्त उडवते. देगाने १८७० च्या दशकात तो जोगिणींचा प्रवेश रंगवलाय, त्यात प्रेक्षक आणि वादक काळ्या कपड्यांत ठसठशीत आणि स्टेजवर नुसता पांढरा धूर.

रेघोटी (रविवार, रात्री ९:१५)

दूरदेशी, प्रकाशाचं पटलं. पण मला हे "पांढरी म्हणजे रोमँटिक काळ" फार एकांगी वाटतं, आणि राग पण येतो थोडा. त्या काळात तितकीच मोठी फानी एल्स्लर होती. १८३६ मध्ये तिने काशुशा हा स्पॅनिश नाच केला तो गुलाबी सॅटिनच्या ड्रेसमध्ये, त्यावर काळ्या लेसच्या झालरी, हातात कास्टनेट्स. तेओफिल गोतिए या लेखकाने दोघींची वाटणीच करून टाकली, ताग्लिओनी ख्रिश्चन नर्तकी आणि एल्स्लर पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माबाहेरची. कपड्यावरून बाईची जात ठरवायची ही सवय जुनीच आहे. ताग्लिओनीने घरी किती घाम गाळला, बापाने पोरीला पाय थरथरेपर्यंत रोज तास तास कसं घासून घेतलं, हे त्या पांढऱ्यात दिसू द्यायचं नाही, तोच तर त्या ड्रेसचा हुकूम.

आणि आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट इथे कोणीच काढली नाही. १८३० मध्ये याच ताग्लिओनीने ऑपेरात देवदासी केली, ल दिय ए ला बायादेर. चित्रं बघा, ओढणी-बिढणी आहे पण खालचा घेर पॅरिसचाच. मग १८३८ मध्ये पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या खऱ्या देवदासी पॅरिसला आल्या, वारिएते थिएटरात नाचल्या. त्यांच्यातली अमानी नावाची, गोतिए तिच्यावर लुब्ध होऊन लिहीत बसला. चोळी, दागिने, पायात चाळ, टाच जमिनीवर आपटून नाचणारी बाई. ज्यां-ऑग्युस्त बार या शिल्पकाराने ताग्लिओनीची सिल्फीदच्या ड्रेसमधली छोटी मूर्ती केली, एल्स्लरची काशुशातली केली, आणि अमानीचीही केली. तिन्ही शेजारी ठेवून बघितल्या की कळतं, जमिनीला पाय लावायची लाज फक्त एकीलाच शिकवलेली होती.

टाचणी (रविवार, रात्री ११:३०)

रेघोटी, किती महत्त्वाचं सांगितलंत. अमानीचा फोटो आत्ता शोधून बघितला, पायाची ठेवण बघूनच अंगावर काटा आला. मी भरतनाट्यमचे ड्रेस शिवते, तिथे पंखा खाली उघडावा, पाय बसले की चुण्या फाकाव्यात अशी कटिंग करतो. म्हणजे वजन खाली. इथे सगळं उलटं आहे, कमरेपासून कापड वर उचलायचंय.

ताणाबाणा काका, खळीचं वाचून डोक्यात उजेड पडला. मी नुसत्या कापडात उत्तर शोधत होते.

दूरदेशी (सोमवार, पहाटे १:०५)

रेघोटींशी सहमत, माझं लिहिणं एकांगी झालं होतं. टाचणीताईंचा एक प्रश्न राहिला, सगळ्या विली एकसारख्या होत्या का. जिझेल पहिल्यांदा झालं २८ जून १८४१ ला, कार्लोत्ता ग्रिसी जिझेल, कपडे पॉल लोरमिएचे, गोष्ट लिहिणाऱ्यांत हाच गोतिए. आणि मूळ संहितेत विली वेगवेगळ्या देशांच्या आहेत! एक तुर्की जनानखान्यातली, एक बायादेर म्हणजे हिंदुस्थानी नर्तकी, दोन फ्रेंच बायका मिन्युएटसारखं काही करणाऱ्या, जर्मन मुली वॉल्ट्झ करणाऱ्या. जगभरच्या नाचवेड्या मुली मरून त्या एका जंगलात जमतात अशी कल्पना. पुढे हे सगळं गळलं आणि एकसारख्या पांढऱ्या रांगा उरल्या. तेव्हा तुम्ही एखादीच्या पायात चाळ बांधले तर ते गोतिएच्या मूळ कल्पनेच्या जवळचंच होईल, बिघडणार काही नाही.

नुसता पांढराच रंग असं पण नाही. १८४५ मध्ये लंडनला ताग्लिओनी, ग्रिसी, चेरितो आणि ग्रान या चौघींना एकत्र नाचवलं, पा द कात्र, त्याचं शालोनने केलेलं शिळाछापाचं चित्र प्रसिद्ध आहे, त्यात चौघींचे स्कर्ट गुलाबीसर आहेत.

कपडेपट (सोमवार, सकाळी ८:४८)

सगळं वाचलं. मी चाळीस वर्षं नाटकांचा कपडेपट सांभाळला, सुरुवात कोकणात, गॅसबत्तीवर चालणाऱ्या प्रयोगांत. टाचणी, पोरी, बाकी सगळं ठीक आहे, पण तू पहिल्याच पॅऱ्यात लिहिलंयस की मुली हातात पणत्या घेऊन रांगेने येणार. अंगावर २० मीटर जाळी आणि हातात उघडी ज्योत. ते काय आहे? तुझ्या मॅडमनी विचार केलाय का?

एकदा आमच्या एका प्रयोगाला विंगेत ठेवलेल्या बत्तीवर एका मुलाचा शेला गेला. रेशमी होता, जाड होता, तरी हातभर पेटेपर्यंत कोणाला कळलं नाही कारण सगळे स्टेजकडे बघत होते. मी घोंगडी टाकली. त्या मुलाच्या दंडावर अजून डाग आहे. जाळी असती तर घोंगडी आणेपर्यंत वेळ मिळाला नसता.

ताणाबाणा (सोमवार, सकाळी ९:२०)

कपडेपट काकांना +१. पणत्यांची ओळ माझ्या नजरेतून सुटली याचं वाईट वाटतंय, कारण माझं कामच ते. सुती जाळी म्हणजे प्रत्येक धाग्याच्या चारी बाजूंनी हवा. आगीला याहून चांगलं सरपण नाही. नायलॉन पेटायला जरा वेळ घेतं पण वितळतं आणि कातडीला चिकटतं. दोन्हीत डावं-उजवं करू नका.

दूरदेशी (सोमवार, संध्याकाळी ७:५०)

मी हे लिहावं की नाही असा विचार करत होतो कारण ताई आनंदाने काम करतायत, पण आता लिहायलाच हवं.

एमा लिव्री. जन्म १८४२. १८५८ मध्ये सोळाव्या वर्षी ऑपेरात पहिल्यांदा उतरली ती ला सिल्फीदमध्येच, ताग्लिओनीच्या भूमिकेत. ताग्लिओनी तेव्हा निवृत्त होती, तिने या मुलीबद्दल ऐकलं, पॅरिसला आली, तिला शिकवलं आणि तिच्यासाठी एक बॅले बसवला, ले पापियाँ म्हणजे फुलपाखरू, संगीत ऑफेनबाखचं, नोव्हेंबर १८६०. त्यात नायिकेचं फुलपाखरू होतं आणि ते मशालीच्या ज्योतीकडे ओढलं जातं, पंख होरपळतात.

तोपर्यंत बऱ्याच मुली भाजल्या होत्या. लंडनला ड्रुरी लेनमध्ये डिसेंबर १८४४ ला क्लारा वेब्स्टरचा स्कर्ट दिव्यावर गेला, प्रेक्षकांसमोर, तीन दिवसांत गेली. १८६१ मध्ये फिलाडेल्फियात एका थिएटरात एकीचा ड्रेस पेटला आणि तिला वाचवायला धावलेल्या बहिणी-मैत्रिणी पण पेटल्या. फ्रान्समध्ये १८५९ ला सरकारी हुकूम निघाला होता की सेट आणि कपडे आग न धरणारे करून घ्यायचे. कार्तरों नावाच्या माणसाची पद्धत होती, तुरटी, टाकणखार वगैरेच्या पाण्यात कापड बुडवायचं. त्याने कापड कडक व्हायचं, पिवळट मळकं दिसायचं, आणि जड. म्हणजे ताग्लिओनीने तीस वर्षांपूर्वी जे जे मिळवलं ते सगळं त्या पाण्यात जायचं. मुलींना ते नको होतं. लिव्रीने ले पापियाँच्या तोंडावर ऑपेराच्या संचालकांना पत्र दिलं की पहिल्या प्रयोगांना मी माझ्या नेहमीच्याच स्कर्टमध्ये नाचणार, जे होईल त्याची जबाबदारी माझी.

१५ नोव्हेंबर १८६२. ला म्युएत द पोर्तिचीची तालीम, प्रयोग नव्हे, तालीम. ती आपल्या प्रवेशाची वाट बघत स्टेजवरच्या सेटवर बसायला गेली. बसताना चुरगळू नये म्हणून तिने स्कर्ट दोन्ही हातांनी वर फुलवला. त्या हवेच्या झोताने जवळचा गॅस भडकला आणि कापड पेटलं. ती स्टेजभर धावली, त्याने आग अजून वाढली. अग्निशामक माणसाने कापड टाकून विझवलं तोपर्यंत उशीर झाला होता. आठ महिने ती जगली. २६ जुलै १८६३ ला गेली, २० वर्षांची होती. त्या आठ महिन्यांत कोणीतरी तिला औषध लावलेल्या स्कर्टबद्दल विचारलं तर ती म्हणाली होती की ते कमी धोक्याचे आहेत खरे, पण परत नाचायला उभी राहिले तर मी ते घालणार नाही, फार कुरूप दिसतात.

तिच्या ड्रेसचे जळके तुकडे पाले गार्निएच्या ग्रंथालय-संग्रहालयात एका छोट्या पेटीत ठेवलेत.

अबोली (सोमवार, रात्री ८:३०)

माझ्या भाचीचा फोटो आहे माझ्याकडे, स्टूलावर बसताना दोन्ही हातांनी घेर वर धरलेला. सगळ्याच मुली तसं करतात. मी काही अजून लिहू शकत नाही.

रेघोटी (सोमवार, रात्री ९:४४)

लिव्रीचं ते वाक्य ऐकून तिला वेडी म्हणू नका कोणी. तिला लहानपणापासून एकच शिकवलेलं होतं की वजन दिसता कामा नये. बॉक्समधून दुर्बिणी लावून बघणारे लोक होते, पगार त्यांच्या आवडण्यावर ठरत होता. मळका कडक स्कर्ट घालून उतरली असती तर दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं असतं? दिवा लांब करायला, दिव्याभोवती तारेची जाळी घालायला थिएटरवाल्यांना किती खर्च होता? तो केला नाही, आणि तुरटीच्या पाण्यात काय ते मुलीनेच बुडायचं.

दूरदेशी (सोमवार, रात्री १०:२०)

बरोबर. दिव्यांच्या रचनेत बदल, विंगेत ओल्या घोंगड्या, हे तिच्या नंतर आलं.

टाचणी (मंगळवार, दुपारी २:१५)

काल रात्री झोप लागली नाही. सकाळी पहिला फोन मॅडमना केला. त्यांना सगळं वाचून दाखवलं, लिव्रीपाशी आल्यावर त्या पलीकडून काही बोलल्याच नाहीत बराच वेळ, मग म्हणाल्या पणत्या रद्द. बॅटरीवरचे दिवे मातीच्या पणतीत बसवणार आहोत, आणि विंगेत पण समई, उदबत्ती काही नाही, नटराजाची पूजा बाहेर लॉबीत करायची. कपडेपट काका, तुम्ही ती एक ओळ वाचलीत म्हणून हे झालं. मी स्वतः लिहिली होती आणि मला दिसली नव्हती.

ताणाबाणा काका, तुमचं मनावर घेऊन सुती नेटचाच आग्रह सोडला. आग कमी धरणारं नेट मुंबईहून मागवतेय, सर्टिफिकेटसकट, महाग आहे पण मॅडम तयार आहेत. तुमच्याकडे घरी एक तुकडा तपासता येईल का? कुरियर करते.

ताणाबाणा (मंगळवार, दुपारी ३:००)

पाठवा. सर्टिफिकेट असलं तरी स्वतः जाळून बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. अर्धा मीटर तरी पाठवा, एक धुऊन बघतो, एक न धुता. काही फिनिश धुण्यात जातात. आणि मुलींच्या आयांना सांगा की परस्पर घरी स्टार्च करू नका.

पायघोळ (मंगळवार, संध्याकाळी ६:१०)

लांबी किती ठेवताय? चित्रांत कुणाचा पोटरीच्या मधे, कुणाचा पार खाली दिसतो.

टाचणी (पुढच्या रविवारी, रात्री १०:४५)

पायघोळ, पोटरीच्या मधोमध. घोटा आणि त्याच्या वर चार बोटं दिसलीच पाहिजेत, नाहीतर दूरदेशींनी सांगितलेली ती न दिसणारी कड पायांवर येते आणि मुलगी उडायच्या ऐवजी घसरतेय असं वाटतं. मी तीन लांब्या टाचून बघितल्या तेव्हा पटलं.

काकांचा निरोप आला, दोन्ही तुकडे ज्योत लांब केल्यावर आपोआप विझले. म्हणून कापायला घेतलं. कमरेपासून बोटभर खालपर्यंत योक, थर त्याला जोडायचे, म्हणजे चुण्यांचा जाडपणा कमरेवर येत नाही आणि घेर कुल्ल्यावरून सुटतो. आतले दोन थर जरा आखूड आणि ताठ, मधले दोन मऊ, वरचा सगळ्यात मऊ. हे सगळं ताग्लिओनीच्या चित्रांत बघून बघूनच सुचलं, आतल्या ताठपणाशिवाय वरचा मऊपणा दिसत नाही. बॉडिसला पुढे टोक काढलंय. एका मुलीच्या पायात चाळ बांधायला मॅडम तयार झाल्यात, भरतनाट्यम शिकणारी आहे, तिला तेवढ्यापुरता टाच मारायचा तुकडा देणार आहेत. रेघोटी, प्रयोगाला यायचंच.

आज पहिला घागरा पुरा झाला. सगळ्यात लहान मुलगी आहे, अकरा वर्षांची, तिला घालून बघितला. माझ्या दुकानात ट्यूबलाइट, गॅस नाही की चांदणं नाही, पण तिने एक गिरकी घेतली आणि घेर उठला, हळू खाली आला, पाय थांबल्यावर सुद्धा क्षणभर येतच होता. मग मी म्हटलं बस गं, हेम मारते. ती स्टूलापाशी गेली, आणि बसायच्या आधी तिने घागरा दोन्ही हातांनी धरून वर फुलवला.